पेठचा पडदा

डिसेंबर लागला की शाळेत शिकवणं बंद होतं. तसं कोणी जाहीर करत नाही, पण होतं. नववीच्या वर्गातले बाक भिंतीला सरकवलेले असतात, टेपवर एकच गाणं मागे नेऊन नेऊन लावलेलं असतं, आणि गणिताच्या बाई दारात उभ्या राहून मुलींना डावा पाय आणि उजवा पाय यांतला फरक समजावत असतात. गॅदरिंगचा सीझन. मी चित्रकला शिकवते, त्यामुळे पुठ्ठ्याचे मुकुट आणि तलवारींना चंदेरी कागद ही खाती माझ्याकडे. मी ती निमूटपणे सांभाळते. नाशिकची थंडी बोटांना झोंबत असते, डिंक वाळता वाळत नाही, आणि अशा वेळी कुठेही शिजत नसताना मला सरस शिजल्याचा वास येतो.

सरस म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला तो गोंद. त्याच्या वड्या मिळायच्या. त्या आदल्या दिवशी भिजत घालायच्या आणि पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून मंद शिजवायच्या. वास असा, की आमच्या आईने त्या डब्याला कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. त्या सरसात खडूची भुकटी, काव, पिवडी, नीळ, काजळी कालवली की रंग तयार व्हायचा. माझे वडील, अण्णा, त्या रंगाने पडदे रंगवायचे. खिडक्यांचे नव्हेत, रंगमंचावर मागे लागतात ते. जंगल, राजवाडा, रस्ता, देऊळ, शेतकऱ्याचं घर. शहरातल्या, देवळाली कॅम्पातल्या, पार पेठच्या डोंगरातल्या शाळा गॅदरिंगला ते पडदे भाड्याने न्यायच्या. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यात जिथे जिथे पोरं नाचत होती, त्यांच्यामागे आमचंच जंगल होतं.

अण्णा सातपूरला एका कंपनीत ड्रिलिंग मशीनवर होते. पहिली पाळी करून दुपारी घरी यायचे, जेवायचे, आणि एका लेथच्या वर्कशॉपमागे पत्र्याची शेड होती तिथे जायचे. पडदा म्हणजे पंधरा-वीस हात मांजरपाट, जाडंभरडं कोरं कापड. तो जमिनीवर अंथरायचा, कडांना विटा ठेवायच्या, आणि अनवाणी त्याच्यावर चालत चालत, काठीला बांधलेल्या कुंच्यांनी रंगवायचा. यात गंमत अशी की रंगवणाऱ्याला चित्र दिसतच नाही. पायाखाली नुसते हिरवे-तांबडे डाग असतात. पूर्ण चित्र बघायचं तर शेडमधल्या शिडीवर चढावं लागायचं. अण्णा सारखे चढायचे आणि उतरायचे. मला म्हणायचे, शिडीवर जाऊन बघावं, पण रंग खालीच लागतो. शिडीवर बसून राहणारे पेंटर त्यांनी पुष्कळ पाहिले होते. ते पुढे फक्त बोलायचे.

त्यांचा एक नियम होता, मधोमध उजेड सोडायचा. जंगल कितीही घनदाट काढा, मधे पायवाट पाहिजे. राजवाड्याला मधे मोकळं अंगण हवं आणि देवळामागे आभाळ हवं. कारण तिथे माणूस उभा राहणार आहे. लोक पडदा बघायला येत नाहीत, आपली पोरं बघायला येतात, हे अण्णा दर वर्षी सांगायचे, जणू मी पहिल्यांदाच ऐकतेय. पडदा वाळला की शेडच्या तुळईला टांगायचा आणि त्याच्यापुढे माणूस उभा करून बघायचा. त्याशिवाय तो शेडबाहेर जायचा नाही. तो माणूस म्हणजे मी. पाच-सहा वर्षांची असल्यापासून मी राजवाड्यापुढे, जंगलापुढे, रस्त्यापुढे उभी राहत आले. अण्णा पार मागच्या पत्र्याला टेकून डोळे बारीक करायचे आणि थोड्या वेळाने म्हणायचे, "दिसतेस." की पडदा पास. त्या वयात मला वाटायचं, हे माझंच कौतुक चाललंय.

पुढे अक्कल आली. म्हणजे दहावीला चित्रकलेत चांगले मार्क पडले आणि कॉलेज रोडच्या एका वर्गात मी ड्रॉइंग टीचरचा कोर्स करायला लागले. तिथे रेषेला लय असते, अवकाशाला ताण असतो, असं काहीबाही ऐकून घरी आले की अण्णांचं जंगल बघवायचं नाही. तेच झाड, तोच वाकडा बुंधा, तीच पायवाट. मी एकदा त्यांना म्हटलं की तुमच्या जंगलात कधी कोणी हरवायचं नाही, सगळ्या वाटा बाहेरच येतात. ते हसले आणि म्हणाले, पोरांना हरवायला नाही पाठवत आपण, गाणं म्हणायला पाठवतो. त्यांना असं उत्तर सुचायचं आणि मला संताप यायचा. आजही येतो.

त्या हिवाळ्याची गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. सीझन नुकताच सुरू झाला होता. पेठकडच्या एका आश्रमशाळेत पडदे पोचवून मी आणि अण्णा सकाळच्या एसटीने परत येत होतो. टपावर बांबूला गुंडाळलेला राजवाडा, तो त्यांना नको होता. घाटात गाडी गरम होऊन बसली. ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन ओढ्याकडे गेला आणि आम्ही सगळे खाली उतरलो. समोर दरी होती आणि धुकं दरीतून वर येत होतं. डोंगर एकामागे एक होते, पण एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे लागतो हे कळत नव्हतं. हिरवं, राखी, निळं असं म्हणावं तर त्यातलं एकही नव्हतं. रस्त्याच्या कडेने एक बाई डोक्यावर मोळी घेऊन आली, आमच्यापुढून पायवाटेने खाली उतरली, आणि बघता बघता नाहीशी झाली. आधी पाय गेले, मग लुगडं, शेवटी मोळी. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. डोंगराने आपलं माणूस घरात घेतलं, इतकंच. मी तशीच उभी राहिले. गाडी सुरू झाल्यावर अण्णांना मला दंडाला धरून चढवावं लागलं.

प्रेरणा वगैरे शब्द मी फळ्यावर लिहिते. मुलं ते वहीत उतरवतात. पण मला विचाराल तर ती एवढीच असते: गाडी बंद पडते, तुम्ही खाली उतरता, आणि पुढचे काही दिवस तुम्हाला जेवणाची चव लागत नाही. तिला बोलावता येत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. ती गेल्यावर परत येईलच असं नाही, हे मात्र कोणी सांगत नाही.

देवळाली कॅम्पातल्या एका शाळेला त्या वर्षी पावसाच्या नाचासाठी डोंगराचा पडदा हवा होता. डोंगर आमच्याकडे नव्हता. अण्णांची दुसरी पाळी लागली होती, तेव्हा त्यांनीच म्हटलं, तू काढ. पूर्ण पडदा एकटीने काढायची माझी ती पहिली वेळ. मी सरस शिजवला, काजळीत नीळ आणि पिवडी घातली, आणि दिवसच्या दिवस त्या मांजरपाटावर चालत राहिले. पायांना रंग, परकराला रंग. लेथचा आवाज येईनासा झाला होता. खरं सांगते, मी शिडीवर फारशी चढलेच नाही. मला खाली उभं राहूनच वरून दिसत होतं. ओला रंग दुसऱ्या ओल्या रंगात सोडून दिला की तो आपोआप धुकं होत होता. मी फक्त कुठे थांबायचं ते बघत होते. असं माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही. तेव्हा मला वाटलं, ही सुरुवात आहे.

मधोमध उजेड मी सोडला नाही. कशी सोडणार? जिथे पायवाट मोकळी ठेवायची तिथेच तर ती बाई नाहीशी झाली होती. पडदा वाळला, टांगला, मी मागे पत्र्याला टेकून पाहिला आणि मला रडू आलं. पण त्याच्यापुढे माणूस उभा नव्हता. आमच्या घरात पडद्यापुढे उभं राहायचं काम माझं आणि मागून बघायचं काम अण्णांचं. अण्णा कंपनीत होते. एकटं माणूस दोन्हीकडे कसं असणार? दुसऱ्या दिवशी अण्णा उठायच्या आत शाळेचा टेम्पो आला आणि पडदा घेऊन गेला.

गॅदरिंगला अण्णा रजा टाकून आले होते. दर्शनी पडदा सरकला, मागचा डोंगर दिव्यांत आला, आणि सगळ्या मंडपातून एकदम "आ" असा आवाज निघाला. मग टाळ्या. स्टेजवर अजून कोणी आलंच नव्हतं. त्या टाळ्या मी आजही जपून ठेवल्यात. दुसरं काही जपून ठेवण्यासारखं माझ्याकडे नाही. मग गाणं लागलं आणि ढग झालेल्या मुली आल्या, राखी झगे घातलेल्या. झाडं झालेले मुलगे आले, हिरव्या क्रेप कागदात. आले आणि गेले. म्हणजे नाचत होते, पायांचे आवाज येत होते, पण नजर ठरतच नव्हती. दोन पावलं मागे सरकलं की पोर डोंगरात. पुढच्या रांगांतल्या आया आधी माना लांब करू लागल्या, मग उभ्या राहू लागल्या. माझ्या शेजारच्या बाई कोणाला तरी विचारत होत्या, आपला बंटी कुठला. मी अण्णांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते. मुलांकडे नाही, पडद्याकडे, आणि शेवटपर्यंत.

बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "नंदे, नाकापेक्षा मोती जड झाला."

चांगला झालाय की वाईट, याबद्दल शब्द नाही. मी वाट बघत होते. सातपूरचा स्टॉप आला, आम्ही उतरलो, घरी आईने भात कुकरला लावलेला होता, जेवणं झाली. मी वाट बघतच होते.

आठ-दहा दिवसांनी शेडवर एक बाई आल्या. कॅम्पातल्या, उत्तरेकडच्या कुठल्या तरी. नवरा फौजेत, बर्फात कुठेतरी पोस्टिंगवर. शेजाऱ्यांचा कॅमेरा मागून त्यांनी मुलीचा नाच काढला होता, त्याला पाठवायला. तो फोटो त्यांनी अण्णांच्या हातात दिला. भांडायला आल्या नव्हत्या. फक्त विचारत होत्या, "भाईसाब, इसमें मेरी बच्ची कहाँ है?" अण्णांनी फोटो उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला. मीही पाहिला. त्यात धुकं होतं, डोंगर होते, आणि खाली कुठेतरी लाल रिबिनीचा ठिपका होता. कदाचित तो तिचा असेल. बाईंनी फोटो परत घेतला नाही. मुलगीच नाही तर काय पाठवू, म्हणाल्या, आणि गेल्या.

मला आजही वाटत नाही की माझं चुकलं. माझ्यासमोर जे होतं ते मी काढलं. पण त्या बाईचंही चुकलं नव्हतं, आणि अण्णांचं तर नाहीच. चूक कोणाचीच नसते तेव्हा काय करायचं असतं, हे मला कुठल्या कोर्सात शिकवलं नाही.

आमच्या धंद्यात कापड वाया जाऊ द्यायचं नसतं. सरसाचा रंग गरम पाण्याने सुटतो. म्हणून सीझन संपला की जो पडदा चालला नाही तो धुवायचा, आणि त्याच मांजरपाटावर पुढच्या वर्षीचा काढायचा. त्याचीही एक रीत होती. ज्याने रंगवला त्यानेच धुवायचा. अण्णांना ज्यांनी काम शिकवलं त्यांच्यापासूनची ती रीत. दुसऱ्याने धुतला तर रंगवणाऱ्याच्या मनात तो राहून जातो, असं ते म्हणत. फेब्रुवारीत एका रविवारी त्यांनी वर्कशॉपमागच्या हौदात गरम पाणी सोडलं आणि मला हाक मारली. मी नको म्हटलं नाही. परकर खोचला आणि आत उतरले. गोधडी तुडवतात तसा डोंगर तुडवला. पाणी आधी राखी झालं, मग निळसर, मग गढूळ. अण्णा हौदाच्या कडेला उभे होते आणि एकदा त्यांनी हात पुढे केल्यासारखं वाटलं, पण तो पाण्याचा नळ बंद करायला होता. कापड पिळून वाळत घातलं तेव्हा त्यावर फिकट डाग राहिले होते. पुढच्या वर्षी त्याच्यावर अण्णांनी रस्त्याचा सीन काढला, विजेच्या खांबासकट. तो खूप चालला.

रीतीप्रमाणे माझ्या मनातून तो जायला हवा होता. गेला. इतका गेला की बरोबर बाकीचंही घेऊन गेला. नंतर मी अण्णांच्या हाताखाली बरेच पडदे केले, उजेड सोडून. सगळे पास झाले. मग शाळेत नोकरी लागली. स्वतःची म्हणून चित्रंही काढली, दोन-तीनदा प्रदर्शनात दिली. लोक बघून छान म्हणाले आणि चहाच्या टेबलाकडे गेले. आम्ही मुलांना सांगतो की कल्पनाशक्ती वापरली की वाढते. मला तसा अनुभव नाही. मी रोज वापरायला बसायचे आणि रोज रिकाम्या हाताने उठायचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आई म्हणायची, ते ती पाण्याबद्दल म्हणायची. पाय जमिनीवर असावेत हे खरं. माझे इतकी वर्षं जमिनीवरच आहेत. दुसरीकडे कुठे ठेवता येतील, ती जागाच मला आता सापडत नाही.

पुढे फ्लेक्स आला. कॉम्प्युटरवरून हवा तो धबधबा एका दिवसात छापून मिळतो, धुवावा लागत नाही, सरसाचा वास नाही. आमच्या शाळेच्या स्टेजवर गेली काही वर्षं फ्लेक्सच असतो. त्यात एका कोपऱ्यात धबधबा आणि उरलेल्या जागेत संस्थाचालक, हात जोडून. दिवे पडले की तो असा चमकतो की पुढे नाचणारी पोरं काळी दिसतात. आता आया उभ्या राहत नाहीत. त्यांना सवय झाली आहे. अण्णांचे पडदे हळूहळू कोणी नेईनासं झालं. कंपनीतून ते रिटायर झाले आणि त्याच सुमारास डोळ्यांची तक्रार सुरू झाली. काचबिंदू. गेलं ते येत नाही, राहिलंय ते औषधाने टिकेल तेवढं टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. नजर कडेकडेने संपत गेली. आता ते समोरचं तेवढं बघतात, नळीतून बघावं तसं. ताटातली भाजी दिसते, वाटी दिसत नाही. आई असती तर वाटी पुढे सरकवून दोन शब्द सुनावले असते. ती आता नाही, मीच सरकवते.

मागच्या डिसेंबरात मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होते. डोळे मिटून ते म्हणाले, तो पेठचा पडदा परत काढ. मी म्हटलं, कुठला? आमच्याकडे पेठचा पडदा असा कुठला नव्हता. मनातल्या मनात मी त्या धुतलेल्या डोंगराला तसं म्हणायचे, त्यांच्यापुढे कधी नाही. म्हणजे घाटात त्यांनीही ते पाहिलं होतं. मी म्हटलं, तुम्हीच तर धुवायला लावलात. थेंब गालावर आला होता, तो त्यांनी पुसला.

"तो धंद्याचा पडदा नव्हता," ते म्हणाले. "पण तसा मला जन्मात जमला नाही. दिसतंय तोवर एकदा बघू दे."

ज्या शब्दाची मी बसमध्ये वाट पाहिली होती, तो हा. इतक्या वर्षांनी आला. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. कारण आता मला तो पडदा काढावा लागणार होता, आणि अण्णांची नजर थांबणार नव्हती.

मी पेठला गेले. रविवार बघून, सकाळच्या पहिल्या एसटीने. घाटात उतरले तर धुकं होतं. डोंगर होते. ओढासुद्धा होता. नशिबाने काही कमी ठेवलं नव्हतं. मी दगडावर बसून बघत राहिले. हा रंग निळीत थोडी काजळी, तो पिवडीत नीळ, ही कड ओल्यावर ओलं, असं सगळं कळत होतं. नुसतं कळतच होतं. नाचणीच्या पेंढ्या घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि म्हणाली, "काय बगता बाई? इथं काय हाय बगायला?" मी म्हटलं, डोंगर. तिने मागे वळून डोंगरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खाली उतरून गेली. मी डोळे ताणून बघत होते. ती पार लांबपर्यंत नीट दिसत राहिली. पाय, लुगडं, पेंढ्या, सगळं.

शेड अजून होती. मी सुट्टी काढली, मांजरपाट अंथरला, सरस शिजवला. सरससुद्धा हल्ली दहा दुकानांत विचारावा लागतो. तो जुना फोटो समोर ठेवला. त्याचा रंग उडून सगळं तपकिरी पडलंय. आणि एक विचित्र गोष्ट झाली. पूर्वी त्या फोटोत मला पोरगी सापडायची नाही. आता फोटो हातात घेतला की ती आधी दिसते. रिबीन, कपाळावरची टिकली, वर केलेला हात. चांगली हसतेय. डोंगर बघायचा म्हटलं तर मात्र तपकिरी डागांपलीकडे काही नाही.

मी काढत राहिले. शिडी चढले आणि उतरले, चढले आणि उतरले. खाली उभं राहून मला वरचं काहीच दिसत नव्हतं. एकदा सगळा पुसला, पुन्हा काढला. माझे सहावीचे विद्यार्थी दोन डोंगर काढतात, मधे सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, आणि मी त्यांना लाल पेनाने लिहिते: स्वतःच्या मनाने काढा. तसेच डोंगर माझ्या पायाखाली उमटत होते, फक्त माझा हात जास्त सराईत. तिकडे घरी अण्णा रोज विचारत होते, वाळला का.

शेवटी टांगला, तोवर माझी सुट्टी संपली होती. अण्णांना रिक्षाने आणलं, हाताला धरून शेडच्या मागच्या पत्र्याशी नेलं, खुर्ची दिली. त्यांनी ती घेतली नाही. पत्र्याला पाठ टेकून उभे राहिले, जुन्या सवयीने, आणि मान हळूहळू इकडून तिकडे फिरवत पडदा तुकड्या-तुकड्याने पाहिला. वरपासून खालपर्यंत. डोंगर, दुसरा डोंगर, धुकं. बराच वेळ गेला. लेथ चालू होता.

मग म्हणाले, उभी राहा.

मी चप्पल काढली आणि पडद्यापुढे मधोमध जाऊन उभी राहिले. पस्तीस वर्षांची बाई, शाळेतून आलेली, खांद्याला पर्स. हा पडदा खरंच तो पेठचा असेल तर मी दिसायला नको होते. एवढी एकच गोष्ट मला हवी होती. मी सापडेना म्हणून अण्णांनी मान हलवावी, आणि कुठे गेलीस म्हणून विचारावं. त्यांनी डोळे बारीक केले. त्या नळीएवढ्या नजरेने त्यांना मला शोधायला वेळ लागायला हवा होता. लागला नाही.

"दिसतेस," अण्णा म्हणाले. थोडं थांबून, माझी समजूत घालावी तसं, पुन्हा म्हणाले, "अगदी नीट दिसतेस, नंदे."

रिक्षाने त्यांना घरी आणलं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि उन्हाळ्यापर्यंत समोरचंही जाऊ लागलं. यंदाचा सीझन सुरू झालाय, वर्गात डावा पाय-उजवा पाय चाललंय, मी मुकुट कापतेय. पडदा शेडमध्ये अजून तुळईलाच आहे. रीतीने तो मी धुवायला हवा होता. एकदा हौदापर्यंत जाऊन नळाला हातही लावला. पण पडदा धुवायचा तो त्याच कापडावर पुढचा काढायचा म्हणून, आणि पुढचा पडदा कोणीच मागितलेला नाही.